गोगलगायीचा किल्ला

फ्रेंच कुंभार बर्नार पालिसीच्या ताटात जेवता येत नाही. मधोमध साप वेटोळं घालून पडलेला, भोवती पाण्याचा ओघ, त्यात मासे. काठावर बेडूक, सरडे, शिंपले, नेच्याची पानं. भाजी वाढायची कुठे? सोळाव्या शतकातल्या फ्रान्सच्या बड्या घराण्यांनी ही ताटं मांडून ठेवायलाच घेतली. राजमाता कॅथरीन द मेदिचीनं तर पॅरिसच्या तुइलरी बागेसाठी अशा जिवांनी भरलेल्या आख्ख्या गुहेचं काम त्याच्यावर सोपवलं.

पालिसीची नेहमी सांगितली जाते ती गोष्ट झिलईची. पांढऱ्या झिलईच्या शोधात सरपण संपलं, तेव्हा त्यानं घरातली मेजं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या. ध्यासाचा धडा म्हणून ही गोष्ट छान खपते. (बायकोचं काय झालं असेल, हे कुणी विचारत नाही.) मला मात्र त्याच्या वेडापेक्षा त्याची नजर मोलाची वाटते. इटलीतल्या रंगीत थाळ्यांवर तेव्हा रोमन देव आणि वीर वावरत होते. लॅटिन-ग्रीक न येणाऱ्या, काचेवर चित्रं काढणाऱ्या, मिठागरांची मोजणी करून पोट भरणाऱ्या या माणसानं डबक्याकाठच्या रहिवाशांना तिथे आणून बसवलं.

बसवलं ते मारून. मेलेला सरडा जिवंतासारखा वळवून धातूच्या ताटावर ठेवायचा, वर प्लास्टर ओतायचं, त्या साच्यात माती दाबायची. म्हणून खवला न् खवला उमटतो. आपल्याकडे राका कुंभाराची कथा आहे. पेटवलेल्या आव्यात मांजरीची पिल्लं राहून गेली आणि तो विठ्ठलाचा धावा करत बसला. आवा उघडला तर पिल्लं जिवंत. राकाला त्या आव्यातून पिल्लं हवी होती, पालिसीला ताट. त्याच्या कौशल्यानं थक्क होतानाही हा फरक माझ्या मनातून जात नाही.

लहान जिवांचा खरा आधार त्यानं घेतला तो कागदावर. पालिसी प्रोटेस्टंट होता. १५६२मध्ये धर्मयुद्ध पेटलं, तो तुरुंगात पडला आणि वरच्या ओळखींमुळे सुटला. पुढच्याच वर्षी ला रोशेलला छापलेल्या पुस्तकात त्यानं छळाच्या दिवसांत आसरा देईल अशा तटबंदीच्या गावाची कल्पना मांडली. वास्तुरचनाकारांचे नकाशे पाहून समाधान होईना, म्हणून आपण रानात हिंडलो, मग समुद्रकाठी गेलो, असं तो सांगतो. तिथे त्याला दिसलं, की ज्यांना नखं नाहीत, दात नाहीत, पळायला पाय नाहीत, त्या मऊ अंगाच्या जिवांचीच घरं पक्की असतात. गोगलगायीचं पिल्लू तर स्वतःच्या लाळेनंच घर बांधतं. शेवटी एका काटेरी शंखाच्या वळणावर त्याचं गाव बेतलं गेलं. रस्ता एकच, वळत वळत आत जाणारा. शत्रूनं बाहेरचा वळसा फोडला तरी आतला उभाच.

भेदरलेल्या माणसाला सिंह आणि गरुड आठवले असते तर नवल नव्हतं; राजेलोकांच्या ढालींवर तेच असतात. पालिसी गोगलगायीकडे गेला, आणि एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यानं तिला विचारलं. आज लहान जिवांपासून मिळणारा दिलासा म्हटलं की गोंडस डोळ्यांची चित्रं पुढे येतात. त्याच्या लिखाणात त्या गोंडसपणाचा मागमूस नाही. तिथे भिंत कशी टिकते याची चौकशी आहे. ते गाव कधी उभं राहिलं नाही. धर्म न सोडल्यामुळे पालिसी म्हातारपणी पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात वारला.

त्याआधी १५७५पासून पॅरिसमध्ये तो पैसे आकारून व्याख्यानं देत असे. दगडात सापडणारे शिंपले ही निसर्गाची थट्टा नव्हे, नोहाच्या प्रलयानंही ते वाहून आणलेले नाहीत. ते जीव होते, तिथेच राहिले आणि तिथेच दगड झाले, असं त्यानं १५८०च्या पुस्तकात ठामपणे लिहिलं. मला वाटतं, प्लास्टरमध्ये सरड्याची पाठ उमटताना ज्यानं वर्षानुवर्षं पाहिली, त्याला प्राण्यावाचून ठसा उमटतो हे पटणंच शक्य नव्हतं. त्या सरड्यांचा हिशेब यानं चुकता होत नाही. पण ग्रंथ वाचून बोलणाऱ्या बऱ्याच पंडितांना जे सुचलं नाही, ते त्याला सुचलं ते त्या सरड्यांमुळेच.