वाटेचा क्रमांक आणि वाटाड्याचा धर्म

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य की मनुष्याने ठरविलेला, या प्रश्नावर मीमांसक व नैयायिक पिढ्यानपिढ्या वाद घालीत आले. मीमांसकांच्या मते तो संबंध स्वाभाविक, कोणी निर्माण न केलेला. नैयायिकांच्या मते तो केवळ संकेत, अमुक शब्दाने अमुक वस्तू समजावी असा ठराव. हा वाद पोथ्यांतच राहिला असे ज्यांना वाटते त्यांनी पणजीहून फोंड्यास जाणारा रस्ता पाहावा. हाच रस्ता पुढे मोले, अनमोड, रामनगर, खानापूर असा घाट चढून बेळगावास पोहोचतो. एका पिढीने त्याला राष्ट्रीय महामार्ग चार-अ म्हटले. २०१० साली केंद्र शासनाने साऱ्या देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले आणि तो ७४८ झाला. डांबर तेच, वळणे तीच, घाटातील धुकेही तेच. या एका बाबतीत नैयायिकांचा पक्ष निर्विवाद मानावा लागतो.

नव्या योजनेची बाजू प्रथम नीट समजून घेणे न्यायाचे होईल. जुने क्रमांक दिशेचा काहीच बोध करून देत नसत. आता उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गांस सम अंक, व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांस विषम अंक, व ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून २ हा अंक ईशान्येकडे आढळतो आणि ६६ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. १ हा काश्मीर-लडाखकडे, आणि ऐंशीच्या पुढचे विषम अंक तमिळ मुलखात. शाखामार्गांस तीन अंकी संख्या असते व तिचे शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे असतात. ७४८ ही ४८ ची सातवी शाखा. म्हणजे रस्त्यानेही आपले गोत्र सांगावे अशी ही व्यवस्था आहे. नकाशासमोर बसलेल्या माणसास यापरते समाधान कोणते?

परंतु वाटसरू नकाशासमोर बसलेला नसतो. तो वाटेवर असतो. दिल्लीपासून बडोद्यावरून मुंबई, तेथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळूर व अखेर चेन्नई असा ४८ क्रमांकाचा एकच दीर्घ मार्ग झाला आहे. अंक सम, म्हणून तो दक्षिणोत्तर. पण बेंगळूरहून भल्या पहाटे चेन्नईकडे निघालेल्या माणसाच्या तोंडावर उगवता सूर्य येतो! नियमाने मार्ग दक्षिणोत्तर ठरविला तरी सूर्याने तो मान्य केलेला नाही. उलट आग्र्याहून मुंबईस येणारा जुना ३ क्रमांकाचा अखंड मार्ग आज तुकड्या-तुकड्यांत विभागला गेला आहे: ग्वाल्हेरपर्यंत ४४, पुढे ४६, इंदुराकडे ५२. इंदुरातील मराठी माणसास विचारा; तो आजही त्याला ए. बी. रोड म्हणतो, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड. बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली, तिनाचे अनेक क्रमांक झाले, पण त्या दोन अक्षरांस कोणी हलवू शकले नाही. बेळगावास तेच स्थान पी. बी. रोडला, पूना-बेंगळूर रोडला, आहे. हमरस्ता गावाबाहेरून गेला, क्रमांक त्याच्याबरोबर गेला, आणि गावात उरला तो जुना पी. बी. रोड. क्रमांकाविना त्या रस्त्याचे काही अडलेले नाही.

यक्षाने धर्मराजास इतर प्रश्नांबरोबर मार्ग कोणता हेही विचारले होते. त्याच्या उत्तरात तर्क अस्थिर ठरला, श्रुती भिन्न ठरल्या, आणि शेवटी ज्या वाटेने महाजन गेले तीच वाट असा निर्णय झाला. (आपल्या गोमंतकात महाजन या शब्दाला देवस्थानाचे हक्कदार असा आणखी एक अर्थ चिकटला आहे, तो येथे अभिप्रेत नाही.) लोक जेथून गेले आणि जे नाव घेत गेले, त्या नावात एक सत्य असते व ते कोणत्याही राजपत्रात सापडत नाही. मात्र एवढ्यावरून शासनाने नाव वा क्रमांक कधी बदलूच नये असा निष्कर्ष काढणे मला हटवादीपणाचे वाटते. प्रश्न बदलावे की नाही हा नाही. बदलणाऱ्यावर जुन्या खुणेवर विसंबून चालणाऱ्यांचे काही ऋण राहते की नाही, हा आहे.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्या शब्दाला? आप्ताच्या. आणि आप्त कोण, तर ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे व जशी आहे तशी ती दुसऱ्यास सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांसही सारखेच लावले, ही त्याची थोरवी. अनोळखी मुलखातील फाट्यावर उभा असलेला फलक हा असाच आप्त आहे. त्याला कोणी उलटतपासणीत घेत नाही. आपण मुकाट्याने त्याच्या बाणाकडे वळतो. म्हणूनच त्याने केवळ खोटे न बोलणे पुरेसे नाही. अश्वत्थामा मेला हे धर्मराजाचे वाक्य हत्तीपुरते खरेच होते. पण द्रोणाचार्यांनी ते ऐकले पित्याच्या कानांनी. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटेल हे ठाऊक असूनही जे सत्य उच्चारले जाते, त्याचा हिशेब केवळ शब्दांवरून मांडता येत नाही. सतरा क्रमांकावर अपघात झाला, लवकर या, असे कोणी घाबऱ्या आवाजात सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या दप्तरी त्या रस्त्याचा क्रमांक केवळ ६६ असला, तर चूक कोणाची म्हणावयाची? दोघेही खरेच बोलत आहेत.

नियम मोडणे हाच मोठा अपराध, असे मानणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. तेथील आंतरराज्य महामार्गांत दक्षिणोत्तर मार्गांस विषम अंक असून ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, म्हणजे आपल्या नेमके उलट. आणि त्यांचेही काही बिघडलेले नाही. त्या हिशेबाने ९९ हा अगदी पूर्वेच्या टोकाला हवा. परंतु बड शुस्टर नामक लोकप्रतिनिधीच्या आग्रहाने १९९५ साली तो अंक पेनसिल्व्हेनियातील मार्गास चक्क कायद्यात लिहून देण्यात आला, आणि तो बसला ७९ व ८१ यांच्या मधोमध. व्यवस्थेच्या दृष्टीने हा विनोदच. पण वाटसरूची काही फसवणूक झाली काय? फलकावर ९९ आहे आणि रस्ताही ९९ च आहे. सत्तेच्या हट्टाचे समर्थन मी करीत नाही. इतकेच म्हणतो की नियमभंग आणि विश्वासभंग ही दोन पापे निरनिराळी आहेत, व दुसरे अधिक जड आहे.

किती जड, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ दिसले. रामगंगेवरील पुलाचा एक भाग पूर्वीच वाहून गेला होता. नकाशा दाखविणाऱ्या यंत्रावर विसंबून आलेली मोटार त्या तुटक्या टोकावरून खाली कोसळली आणि तिघांचे प्राण गेले. वाट अडविणारा धड अडसर तेथे नव्हता. यंत्राने जे सांगितले ते कधीकाळी खरे होते. आणि ज्यांना वस्तुस्थिती ठाऊक होती ते बोलले नाहीत. ज्ञान एकीकडे आणि वाणी दुसरीकडे, म्हणजे आप्ताचे लक्षणच दुभंगले.

नाव हलवावे लागले असता ते कसे हलवावे, याचा एक धडा या रस्त्यांच्या काठीच आहे. सोळाव्या शतकात वेर्णे येथील श्रीमहालसेस भक्तांनी प्रियोळास आणले, तेव्हा म्हार्दोळ हे नावही देवीबरोबर आले. त्यामुळे म्हार्दोळ कोठे म्हणून विचारीत येणारा भाविक आजही ७४८ क्रमांकाच्या कडेला देवीच्या दारातच पोहोचतो. आणि वेर्ण्यातील मूळ जागा, जी आज ६६ च्या बाजूस पडते, तीही अनाथ झाली नाही. लोक तिला जुने म्हार्दोळ म्हणतात. हे ठरविण्यास कोणतेही खाते नव्हते. ६६ च्या प्रत्येक फलकावर खालच्या कोपऱ्यात 'जुना १७' आणि ७४८ च्या फलकावर 'जुना ४-अ' एवढी अक्षरे आणखी पंचवीस वर्षे रंगविण्यास रंग फारसा लागणार नाही.