मावशीच्या घरातले हसू

पियानो एका शाळकरी मुलीची बोटे चावून खातो. गार व्हायला विहिरीत सोडलेल्या कलिंगडाऐवजी मैत्रिणीचे मुंडके वर येते. मुलींच्या मदतीला निघालेल्या शिक्षकाचा केळ्यांचा घड होतो. नोबुहिको ओबायाशी यांचा ‘हाउस’ जुलै १९७७मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी तो मोडीत काढला. तरुण पोरापोरींनी मात्र थिएटरे भरली.

या गर्दीचे सगळे श्रेय ‘हाउस’ला देता येणार नाही. तो एका तिकिटात दोन चित्रपट अशा जोडखेळात लागला होता आणि दुसऱ्या चित्रपटात त्या काळची लाडकी गायिका-नटी मोमोए यामागुची होती. शिवाय चित्रपट येण्याआधीच त्याची कादंबरी, कॉमिक, रेडिओ-नाट्य आणि गाणी बाजारात आली होती. ओबायाशी जाहिरातपटांच्या धंद्यातले. चार्ल्स ब्रॉन्सनला घेऊन केलेली ‘मँडम’ची जाहिरात त्यांचीच. माल दुकानात येण्यापूर्वी गिऱ्हाईक कसे तयार करायचे, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

तोहो या चित्रपट कंपनीने अशा बाहेरच्या माणसाला दार उघडले, त्यामागे नड होती. १९५८मध्ये जपानी थिएटरांची ११२ कोटींहून अधिक तिकिटे खपली होती. सत्तरच्या दशकात हा आकडा २० कोटींच्या खाली घसरला. ‘जॉज’सारखे काहीतरी करा, असे कंपनीने ओबायाशींना सांगितले. त्यांनी घरी जाऊन दहा-अकरा वर्षांच्या लेकीला, चिगुमीला, तुला कशाची भीती वाटते म्हणून विचारले. आरशातले प्रतिबिंब अंगावर येते, गाद्या कोसळतात, पियानोत बोटे अडकतात: तिची उत्तरे पटकथाकार चिहो कात्सुरा यांच्या हाती गेली. ती संहिता हाती घ्यायला कंपनीतला कुणी दिग्दर्शक पुढे येईना. दोन वर्षे ती पडून राहिली आणि अखेर ओबायाशींनाच चित्रपट करू दिला गेला. त्यातल्या युक्त्या मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या आहेत, लहान मुलाने कात्री-डिंक घेऊन कराव्यात तशा.

पण चित्रपटातल्या या घरात एका मुलीची मावशी राहते. तिचा वाग्दत्त वर महायुद्धात गेला, परतला नाही. ती वाट पाहत राहिली, वाट पाहतच मेली आणि आता घरी येणाऱ्या अविवाहित मुलींना खाते. एक मुलगी खाल्ली की तिला पुन्हा नवरीचा वेश घालता येतो. ही कहाणी तिच्याकडे निघालेल्या सात शाळकरी मुलींना प्रवासात जुन्या मूकपटासारखी दिसते आणि त्या तिच्यावर शेरे मारत राहतात. अणुबाँबचा ढग उठतो, तेव्हा त्यांतल्या एकीला तो म्हातारीच्या केसांसारखा वाटतो, जत्रेत काडीवर मिळतात तसा.

ओबायाशी १९३८मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची गावी जन्मले. बाँब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि त्यात त्यांनी बालमित्र गमावले. अशा माणसाने हा उद्गार मुलीच्या तोंडी सहज घातला असेल, हे पटत नाही. मुली दुष्ट नाहीत. त्यांना युद्ध ठाऊकच नाही, आणि मावशीची भूक नेमकी त्यांच्यावर आहे. थिएटरात बसलेला १९७७चा तरुण प्रेक्षक त्यांच्याच वयाचा होता. युद्ध पाहिलेल्या पिढीच्या समीक्षकांना त्यात निव्वळ थिल्लरपणा दिसावा, ही या चित्रपटाच्या वाट्याला आलेली सर्वांत क्रूर प्रतिक्रिया म्हणावी लागेल. नाही म्हणायला ब्लू रिबनचा नवोदित दिग्दर्शकाचा पुरस्कार ओबायाशींना मिळाला.

२००९-१० साली ‘हाउस’ अमेरिकेत फिरला, तेव्हा चित्र पालटले. रात्री उशिराच्या खेळांना गर्दी झाली आणि समीक्षकांनीही दाद दिली. कौतुकाचा भर वेडेपणावर होता: असले काही कधी पाहिले नाही, डोळे दिपले, हसून पोट दुखले. हे प्रेम खरे आहे आणि त्याच प्रेमाने चित्रपट वाचवला. तरीही झिडकारणारा समीक्षक आणि खिदळणारा चाहता एकाच ठिकाणी थांबतात. एकाला अर्थ नाही म्हणून राग येतो, दुसऱ्याला अर्थ नाही म्हणूनच मजा येते. मावशीची गोष्ट दोघेही ऐकत नाहीत.

युद्धाचा अर्थ मागाहून चिकटवला, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर ओबायाशींच्या कपाटात होते. ‘हाउस’च्या आधीच त्यांच्याकडे कात्सुरांसोबतची आणखी एक पटकथा तयार होती: युद्धाच्या तोंडावरच्या तरुण मुलामुलींची, ‘हानागातामी’. कर्करोगाचे निदान झाल्यावर, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी तो चित्रपट पुरा केला. त्यातही खोटे आकाश, चिकटवलेली दृश्ये, स्वप्नासारखी काटछाट, म्हणजे ‘हाउस’ची सगळी हत्यारे आहेत. २०१७चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून माइनिची पुरस्कार त्यालाच मिळाला.