भंडाऱ्याचा काटा आणि रांगण्याची वाट

सज्जनहो, भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबारायांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीमाउलीच्या पायात काटा रुतला आणि प्रत्यक्ष पांडुरंगाने तो काढला, ही परंपरेची कथा आपणा सर्वांच्या कानांवरून शेकडो वेळा गेली आहे. आम्हीही ती कीर्तनात पंचवीस वर्षे सांगत आलो. देव कसा खाली बसला, पाय कसा हाती घेतला, हे रंगवून सांगावे, मृदंगाने उठाव द्यावा, श्रोत्यांचे डोळे पाणवावेत. पण त्या घटकेला आवली कोणावर रागावलेली होती, हे आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. ते पाहायला आम्हांस रांगण्याच्या वाटेवर पडावे लागले.

रांगणा किल्ला कोल्हापूर जिल्ह्यात, पण आम्हां कोकणातल्यांचा चढ कुडाळ तालुक्यातल्या नारूरकडून. गडावर रांगणाईचे देऊळ आहे. आमच्या मातोश्रींचे म्हणणे एकच, देवीची ओटी दोघा भावांनी मिळून भरून यावी. आम्ही आणि आमचे धाकटे बंधू तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण काय, तर मालवणाकडची माडांची बाग आणि तिची वाटणी. गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा, आणि घरी सख्ख्या भावाशी अबोला! बंधू काही माळकरी नव्हेत. त्यामुळे चूक त्यांचीच, हे आम्ही मनात पक्के करून टाकले होते.

वैशाखातला दिवस. आम्ही पुढे, ते वीस पावले मागे. ओटी भरली, उतरू लागलो. सुकलेल्या पाल्याखाली सुटे दगड होते. पाय घसरला, घोट्यात कडकन् आवाज झाला, आणि सावरायला टाकलेला हात करवंदीच्या जाळीत गेला. खरे तेच सांगतो, त्या क्षणी आमच्या मुखातून विठ्ठल निघाला नाही. बंधूंना लहानपणी ज्या नावाने हाक मारीत असू, ते नाव निघाले.

ते धावत आले. तरी आमचा ताठा पाहा! म्हणालो, “आमचे आम्ही उतरू.” उठलो आणि पुन्हा कोसळलो. बंधू म्हणाले, “दादा, गप बस. पाय हलवू नको.” जवळ गुरे राखणारा एक मुलगा होता. त्याने सुचवले, पाय ओढून चोळला की बसेल. बंधूंनी त्याला हात लावू दिला नाही. “हाड मोडलेला आसात तर वडूचा न्हय.” चिवारीच्या दोन काठ्या तोडल्या, आमच्या उपरण्याची घडी मध्ये घालून पाय गुडघ्यापासून तळव्यापर्यंत बांधला. फार आवळलाही नाही. घडीघडीला आमची बोटे गार पडली काय, काळीनिळी झाली काय, ते चाचपून पाहत होते. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे शिकून ठेवावे. मग त्या मुलाला माणसे आणायला गावात धाडले.

माणसे येईपर्यंत तीन तास गेले. झाडाखाली दोघेच. कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने बंधूंनी आमचा हात ओढून घेतला. तळव्यात करवंदीचे काटे मोडून राहिले होते. त्यांनी सदऱ्याची टाचणी काढली आणि डोळे बारीक करून एकेक काटा उकरू लागले.

तेव्हा आवली आठवली. ती बाई डोंगर चढत होती ती देवाला शिव्या मोजीतच. ज्या काळ्याने संसार बुडवला म्हणून तिचा संताप, तोच पायाशी बसला. “आधी माझी क्षमा माग, मग काटा काढतो” असे काही तो म्हणाला नाही. आम्ही ही कथा सांगताना नेहमी देवाच्या बाजूने उभे राहत असू. झाडाखाली कळले की आमची जागा आवलीची आहे. तीही पुरती नव्हे, कारण ती भाकरी घेऊन निघाली होती, आम्ही काय घेऊन निघालो होतो?

आणि कान्होबा! तुकोबाराय डोंगरात जाऊन बसले तेव्हा त्यांना शोधत आला तो हा धाकटा भाऊ. घरातली कर्जखते दोघांनी वाटून घेतली. तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला, कान्होबांचा त्यांच्या हाती ठेवला. आपला वाटा बुडवला, भावाचा बुडवला नाही, हे ध्यानात घ्या. त्याच कान्होबांनी अभंग रचले तेव्हा मुद्रा घातली “तुकयाबंधू”. स्वतःचे नाव सोडून भावाचे घेतले. वाटणीचे कागद आम्हीही केले होते, पण त्यांतला एकही आकडा सोडण्याचे आमच्या मनात आले नव्हते.

गावकऱ्यांनी डोली आणली. पुढचा दांडा बंधूंनी घेतला, तो सडकेपर्यंत सोडला नाही. घोट्याचे हाड तडकले होते. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यात आमची आषाढीची वारी चुकली. इतक्या वर्षांत प्रथमच. एकादशीला पडवीत बसल्याबसल्या आम्ही कान्होबांचे आख्यान लावले. बंधू येऊन खांबाला टेकून बसले.

कीर्तन झाल्यावर आम्ही वाटणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला व म्हटले, “तुला हवा तसा लिही.” त्यांनी तो उलगडलाही नाही. “कागद मागीर बघूया,” ते म्हणाले, “तुझो पाय असो, तर पाऊस सरल्यार माडांक पाणी कोण घालतलो, ता आधी सांग.”

यंदा पाणी तेच घालीत आहेत, दोन्ही बाजूंच्या माडांना.