पाक

थोरल्या जाऊबाईंच्या पंचाहत्तरीसाठी परवा बारा कपकेक केले आणि त्यांवर कॅरामलचं फ्रॉस्टिंग. जाड बुडाच्या पातेल्यात 200 ग्रॅम साखर, मंद आच, पाणी नाही. साखर कडेने वितळू लागली की चमचा घालावासा वाटतो, पण ढवळलं तर गुठळ्या होतात. म्हणून नुसतं पातेलं फिरवायचं. 160 अंशांच्या पुढे रंग चढतो: आधी मधाचा, मग तांबूस, मग जुन्या गुळाचा. इथे क्षणभर दुर्लक्ष झालं की करपलंच. त्याआधी कोमट क्रीम ओतायचं. ते उसळतं, वाफ येते आणि साखरेचं जळणं थांबतं.

कॉलेजात तीस वर्षं मी भारतीय दर्शनं शिकवली. स्वयंपाकघरातला 'पाक' तिथेही आहे. कच्चा काळा घडा आव्यात भाजून लाल होतो, तेव्हा नेमकं काय बदलतं? वैशेषिक म्हणतात, घडा पार अणूंपर्यंत विखुरतो, अणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवाच घडा उभा राहतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, घडा अख्खाच राहतो, उष्णता त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते. हा पिठरपाक. त्यांचं म्हणणं साधं आहे: बाहेर काढल्यावर 'हा तोच घडा' असं आपण ओळखतोच ना?

साखरेपुरतं वैशेषिकांचं पारडं जड आहे. तिचे रेणू खरोखरच तुटतात, नवे बनतात. कॅरामलची पुन्हा साखर होत नाही. पण त्यातला कडसरपणा आला कुठून? सांख्य सांगतील, तेल तिळांतून निघतं, वाळूतून नाही. मीठ कितीही तापवलं तरी त्याचं कॅरामल होत नाही. म्हणजे तो कडसरपणा साखरेतच होता, अव्यक्त.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा अकरा वर्षं जाऊबाईंनी एकटीने त्यांचं सगळं केलं. आम्ही सुट्टीत चार दिवस जाऊन यायचो. त्या वर्षांत त्यांचं बोलणं तिखट झालं. "ती मुळातच कडू," असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हटलं आहे. दर्शनं शिकवणाऱ्या बाईने हे म्हणावं, याची मला आज लाज वाटते. सांख्यांचं ऐकायचं, तर तो कडूपणा माझ्याही साखरेत आहे. माझ्याखाली आच लागली नाही, एवढंच. आणि त्यांच्या भाजण्यावर वेळेत क्रीम ओतायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही.

कॅरामल पूर्ण निवल्यावर फेटलेल्या लोण्यात घातलं, नाहीतर लोणी पातळ होतं. चिमूटभर मीठ घातलं. जाऊबाईंनी बोटाने चाखून पाहिलं.

"किंचित कडसर लागतंय गं."

"हो ताई, तसंच असतं ते."

"असू दे. नुसतं गोड मला खाववत नाही." आणि त्या हसल्या, माझ्या लग्नात हसल्या होत्या तशाच.

माणसांच्या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूची आहे. आव्यातून बाहेर आलेलं माणूस तेच असतं. कुणाला 'मुळातच कडू' म्हणण्याआधी ते किती वर्षं आचेवर होतं, एवढं तरी विचारावं.