म्हणजे कुठलं झाड?

मार्च निम्मा सरला की आमच्या सोसायटीतला वावळ आपल्या गोल, कागदी फळांचा सडा घालायला लागतो. झाडणाऱ्या मावशी वैतागतात, गाड्यांच्या काचांवर पापड्या साचतात. वरच्या मजल्यावरची चौथीतली मुलगी अभ्यासातून उठून त्या मुठीमुठीने गॅलरीतून खाली सोडते. मी मुलांसाठी लिहितो, म्हणून तिला नव्या गोष्टीचं पहिलं पान वाचून दाखवलं. एका गावात एक मोठं झाड होतं, अशी सुरुवात होती. तिने तिथेच अडवलं.

"म्हणजे कुठलं?"

मला सांगता येईना, कारण ते कुठलंच नव्हतं. पुढे लाकूडतोड्या येणार होता आणि शेवटी झाडं वाचवा हे यायचं होतं. तेवढ्यापुरतं कुठलंही चाललं असतं.

आपल्या बालसाहित्यातला बराचसा वसंत असाच कुठलाही असतो, निबंधाच्या वहीतून उचललेला. आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचं गाणं. (गातो नर, पण कवितेपासून वहीपर्यंत बढती मिळाली ती मादीला.) पुण्यातल्या मुलाला शाळेच्या रस्त्यावर दिसतं ते निराळंच. फेब्रुवारीत पान न् पान गळालेला पांगारा लालभडक होतो आणि त्यावर साळुंक्या, बुलबुल, कावळेसुद्धा मधासाठी भांडतात. पाडव्याच्या सुमाराला कडुनिंब फुलतो, नीलमोहराखालचा डांबरी रस्ता जांभळा होतो, पुढे सावरीचा कापूस उडत येतो. नीलमोहर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. असेना का! इथे वाढणाऱ्या पोराचा वसंत त्याचाही आहे.

इतका तपशील मुलांना झेपत नाही, असं मोठी माणसं सांगतात. मला हे पटत नाही, आणि माझा साक्षीदार आहे फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी' लिहून मुलांना थेट चंद्रावर नेलं. त्याच माणसाने स्वतःचा नायक मात्र हडपसरच्या पुढच्या, बसने जाता येईल अशा गावातून आणला. एखादं सोनपूर किंवा रामपूर रचणं काय कठीण होतं? पण मग पुण्यात शिकायला आलेल्या त्या किडकिडीत पोराच्या मागे आपण सायकलवरून काश्मीरपर्यंत गेलो असतो का, याची मला शंका आहे. फास्टर फेणेची धाव खरी वाटते, कारण ती निघते कुठून हे ठाऊक असतं.

गेल्या वर्षी चैत्रात मी मुद्दाम फुरसुंगीला जाऊन आलो. आता हे नाव काढलं की पुणेकराला आधी कचरा डेपो आठवतो, मग फेणे. कित्येकांना फेणे आठवतच नाही. फेण्यांचं घर विचारत फिरण्याइतका मी भाबडा नाही. कालव्यापाशी थोडा वेळ थांबलो. समोर अर्धे बांधलेले टॉवर, रस्त्यावर पाण्याचे टँकर. आज कुणी इथला मुलगा नायक म्हणून घेतला, तर त्याला या टँकरला वळसा घालूनच सायकल हाणावी लागेल. लेखकाचा प्रवास कधीकधी एवढाच असतो, पण तो केल्याशिवाय हा वळसा सुचत नाही.

माधुरी पुरंदरे मुलांसाठी लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, याचा मला हेवा वाटतो. लिहिताना 'झाड' म्हणून निसटता येतं. पेन्सिलीला मात्र पानाचा आकार ठरवावाच लागतो.

माझी चित्रकला बेताची, म्हणून मी कुंड्यांवर भागवतो. सध्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहान असताना ही अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरा डाग, म्हणजे पक्षी तिला तोंड लावत नाहीत. पुढे कात टाकून हिरवी होते. गोष्टीत घ्यायची, तर अळीला फुलपाखरू होण्याची घाई, कारण धीराचं फळ तिथे टांगलेलं. वरच्या मुलीला फुलपाखराचं काही नाही. तिला ती विष्ठेची सोंगाडी हवी आहे, आणि तीही इतक्या जवळून की तिचा श्वास पानावर जातो. काल तिने एकीला काडीने हलकेच डिवचलं. अळीने डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली, उग्र वास सुटला, आणि पोरगी किंचाळून मागे सरली ती थेट तुळशीवर.

गोष्टीतलं झाड आता वावळ आहे. लाकूडतोड्या गेला, पुढे काय होतं ते अजून ठरायचंय. कढीपत्त्याची चार पानं उरली आहेत; आमटीसाठी मंडईतून जुडी आणतो.