रोजा, परीक्षा आणि विद्यार्थ्याचे चारित्र्य

2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी दहावीच्या परीक्षेचे काही पेपर रमजान महिन्यात आले. उर्दू माध्यमाच्या शाळांतील कितीतरी मुला-मुलींनी पहाटे सहेरी करून, पाण्याचा घोटही न घेता, तीन-तीन तास पेपर लिहिले. मार्चमधले विदर्भाचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना यासाठी काय लागते ते वेगळे सांगायला नको. त्याच दिवसांत राज्यभर कॉपीमुक्त परीक्षेचे अभियान चालू होते. भरारी पथके आणि बैठी पथके फिरत होती.

या दोन गोष्टी एकाच वर्गखोलीत एकत्र आल्या की शिक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो. वुजू करताना तोंडात घेतलेले थंड पाणी जो मुलगा तहानेने जीव कासावीस झाला असतानाही गिळत नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेवर नजर ठेवायला पथक का लागावे? आणि रोजा असूनही ज्याच्या खिशात चिठ्ठी निघते, त्याच्या मनात रोजा आणि चिठ्ठी यांच्यामध्ये भिंत कोणी बांधली? हा प्रश्न एकट्या मुस्लिम मुलांचा नाही. एकादशी-चतुर्थीचा उपवास निष्ठेने पाळणाऱ्या मुलांबाबतही तो असाच विचारता येतो. पण आम्ही आमच्या अंगणातून सुरुवात करतो.

आजच्या पिढीचा स्वतःवर ताबा नाही, अशी तक्रार पालकसभेत नेहमी ऐकू येते. मोबाईल सोडवत नाही, राग आवरत नाही, पहाटे उठवत नाही. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रमजानमध्ये हीच मुले कशी वागतात ते पाहिले, तर ताब्याची शक्ती त्यांच्यात मुळीच नाही असे म्हणता येत नाही. अरबी भाषेत रोजाला 'सौम' म्हणतात आणि त्याचा अर्थ थांबणे, स्वतःला रोखणे असा आहे. आणि रोखायचे कशापासून? चोरीच्या भाकरीपासून तर माणसाने नेहमीच दूर राहायचे. रोजात तो स्वतःच्या घरच्या, हक्काच्या, हलाल भाकरीपासून दूर राहतो. आपल्या मालकीची वस्तूही वेळ होईपर्यंत हाती घ्यायची नाही, हा आत्मसंयमाचा सर्वांत अवघड धडा आहे. तो धडा दहा-बारा वर्षांचे लेकरू, ज्याच्यावर रोजा अजून फर्जही नाही, हौसेने गिरवते. घरात त्याची रोजा-कुशाई होते, गळ्यात हार पडतो.

मग ही शक्ती शाळेच्या दारापाशी का थांबते?

इमाम गजाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात नफ्सच्या तर्बियतीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांच्या मते एखाद-दुसऱ्या वेळी केलेल्या चांगल्या कृत्याला अखलाक, म्हणजे चारित्र्य, म्हणता येत नाही. मनाची अशी मुरलेली अवस्था हवी, की जिच्यातून चांगले कृत्य फारसा विचार न करता, सहज घडते. ही अवस्था सवयीने येते. सुरुवातीला माणूस मनाविरुद्ध, बळेच चांगले वागतो आणि पुढे ते अंगवळणी पडते. क्रोध आणि वासना मुळापासून उपटून टाका, असे गजाली सांगत नाहीत. त्यांना लगाम घाला आणि मध्यम मार्गावर आणा, असे सांगतात. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणाऱ्यापेक्षा रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा अधिक बलवान, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण याच धर्तीची आहे.

गजालींचा आणखी एक मुद्दा आम्हां शिक्षकांच्या कामाचा आहे. सर्व रोग्यांना एकच औषध देणारा वैद्य रोग्यांचा जीव घेईल. तसेच तर्बियत देणाऱ्याने प्रत्येक शिष्याची प्रकृती, वय आणि सवयी पाहून उपाय करावा, असे ते म्हणतात.

हे समजून घ्यायला काटोलच्या माणसाला लांब जावे लागत नाही. काटोल, नरखेड, वरूड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहार घ्यायचा असेल तर शेतकरी डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतो. याला 'ताण देणे' म्हणतात. जमीन सुकते, पाने मलूल होतात, काही गळतात. नवख्या माणसाला वाटावे, बाग मेली. पण झाडाची पालवीकडे जाणारी वाढ थांबते आणि अन्न फांद्यांत साठते. मग खत देऊन पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात देतात. ज्या झाडाला बारा महिने पाणी मिळते ते हिरवेगार दिसते, पण त्याला हवा तसा एकसारखा बहार येत नाही.

जाणता बागाईतदार यात दोन गोष्टी सांभाळतो. एक, हलक्या, मुरमाड जमिनीत ताण थोडे दिवस आणि भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस. शेजाऱ्याने किती दिवस दिला यावर तो आपला हिशेब ठरवत नाही. दुसरी, ताणानंतर पाणी द्यायचे म्हणजे द्यायचेच. विहिरीत पाणी नसेल तर ताण देण्यात अर्थ नाही. ज्या ताणानंतर पाणी येत नाही त्याला शेतकरी दुष्काळ म्हणतो.

विद्यार्थ्यांचा संयम नेमका इथे अडतो. रोजा ठेवणाऱ्या मुलाला पक्के ठाऊक असते की मगरीबची अजान होणार आहे आणि दस्तरखानावर खजूर, पाणी येणार आहे. आजवर एकाही संध्याकाळी ते चुकलेले नाही. घरातील मोठी माणसेही त्याच्याबरोबर उपाशी असतात. अभ्यासाच्या बाबतीत त्याला अशी खात्री असते का? 'आज खेळ सोड, मोबाईल ठेव, अभ्यास कर, उद्या फळ मिळेल' असे आपण सांगतो. पण त्याच्या मोहल्ल्यात शिकून रिकामा बसलेला मोठा भाऊ असतो. शाळेत एखाद्या विषयाला वर्षभर शिक्षकच नसतो. घरी टीव्ही चालू ठेवून वडील त्याला 'वाच' म्हणतात.

या बाबतीत मानसशास्त्रातील दोन प्रयोग जाणून घेण्यासारखे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी 1960 नंतरच्या दशकात लहान मुलांपुढे मिठाई ठेवली. 'मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील,' असे मुलाला सांगून ते बाहेर जात. थांबू शकणारी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असा निष्कर्ष जगभर पसरला. पुढे 2018 मध्ये अधिक मुलांवर केलेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. त्याआधी 2013 मध्ये सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच गोष्ट तपासली. त्यांनी मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले. अर्ध्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, अर्ध्यांच्या बाबतीत मोडले. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेले वचन पाळले गेले ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचे मोडले गेले ती तीन मिनिटे.

मुले तशीच होती, फरक समोरच्या माणसाच्या शब्दात होता. सब्र एकट्या मुलाच्या छातीत तयार होत नाही. त्याला भरवशाचा आधार लागतो. वारंवार फसवल्या गेलेल्या मुलाने हाताशी आले ते लगेच उचलले, तर त्याच्या हिशेबाने ते शहाणपणच आहे.

मग कॉपी करणाऱ्या मुलाचा दोष नाही का? आहे. कुरआनातील 83 व्या सूरहचे नाव 'अल-मुतफ्फिफीन' आहे. मापात कमी देणारे, असा त्याचा अर्थ. स्वतः घेताना माप भरून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना घटवणाऱ्या माणसांवर ती सूरह कठोर शब्दांत बोट ठेवते. कॉपी हा याच जातीचा व्यवहार आहे. मेहनत कमी मोजायची आणि गुण भरून घ्यायचे. 'यात कुणाचे नुकसान?' असे मुले विचारतात. गुणवत्ता यादीत एक नाव खोटेपणाने वर गेले की एक नाव खाली सरकते, आणि ते बहुधा रात्री शिवणयंत्राशेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलीचे असते. तिने आपले माप पुरे दिलेले असते.

म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी एकदम म्हणतो. वर्षभर न शिकवता तीन तासांच्या प्रामाणिकपणाची मागणी करणे हा अन्याय आहे. आणि अन्याय झाला म्हणून दुसऱ्याच्या मापातून घेण्याचा हक्क मिळत नाही. पहिल्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, दुसऱ्याची विद्यार्थ्याची. एकाने आपला वाटा उचलला नाही म्हणून दुसऱ्याचा माफ होत नाही.

महात्मा गांधींच्या शाळेतला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. राजकोटच्या शाळेत इन्स्पेक्टर जाइल्स आले असता 'केटल' हा शब्द त्यांनी चुकीचा लिहिला, आणि शेजाऱ्याच्या पाटीवर पाहा अशी खूण शिक्षकानेच बुटाच्या टोकाने केली. मोहनदासांनी पाहिले नाही. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती त्यांच्या खरेपणासाठी. पण खूण करणारा शिक्षक होता, हा तिचा दुसरा अर्धा भाग शिक्षकांनी आपसांत सांगावा असा आहे.

याच गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या विदर्भात, वर्ध्याला, शिक्षण परिषद बोलावली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांना दिले. पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झालेले झाकिर साहेब तेव्हा जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेता वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची शपथ घेतली होती. मुलांचे जोडे मळके असतात, सांगून ती ऐकत नाहीत, म्हणून झाकिर साहेब स्वतःच ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले, ही त्यांच्याविषयी सांगितली जाणारी आठवण प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवसापासून जोडे चमकू लागले. तिथे दंड नव्हता आणि पथकही नव्हते. सांगणारा स्वतः त्या कामाला बसला होता, जसे रमजानमध्ये घरातले मोठे मुलांबरोबर उपाशी असतात.

वर्धा योजनेत हाताच्या कामाला मध्यवर्ती जागा होती. तिच्या आर्थिक बाजूवर तेव्हाही पुष्कळ टीका झाली. पण टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला दुसऱ्याचे सूत आपले म्हणून काढता येत नाही. धागा जाडाभरडा आला तर तो हातात दिसतो, तुटला तर तुटतो. मूल आपली चूक स्वतः पाहते आणि स्वतः सुधारते. चारित्र्याचा पाया असा घातला जातो.

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. तो असावा. मापात मारणारा आहे तोवर वजनमापाचा इन्स्पेक्टरही हवा. पण इन्स्पेक्टरच्या धाकाने बरोबर तोलणाऱ्याला कोणी ईमानदार म्हणत नाही. मुलाला ईमानदारीची सवय लागावी असे वाटत असेल, तर त्याला कोणी पाहत नाही अशा जागा शाळेतच तयार कराव्या लागतील. आठवड्याला दहा गुणांची एक छोटी चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठे नोंदवू नयेत, मुलांनीच आपला पेपर तपासावा आणि त्या वेळी शिक्षकाने वर्गाबाहेर उभे राहावे. ज्याला दहापैकी दोन मिळाले त्याने ते निर्भयपणे सांगावे आणि शिक्षकाने तो धडा पुन्हा शिकवावा. चुकीच्या उत्तरावर हसू होणाऱ्या वर्गात मुले चूक लपवायला शिकतात, आणि चिठ्ठी ही त्याच शिकवणीची पुढची इयत्ता आहे.

विद्यार्थ्यानेही आपल्या परीने करण्यासारखे पुष्कळ आहे. इफ्तारची वेळ जशी ठरलेली असते, तशी मोबाईलची आणि खेळाची वेळ ठरवावी. त्याआधी एक मिनिटही हात लावू नये, वेळ झाल्यावर मनसोक्त आनंद घ्यावा. रात्री झोपण्यापूर्वी मुहासबा करावा, म्हणजे दुकानदार जसा गल्ला मोजतो तसा दिवसाचा हिशेब स्वतःशी मांडावा. आज काय ठरवले होते, किती झाले, कुठे घसरलो. आणि जे कळले नाही ते 'कळले नाही' असे वर्गात उभे राहून म्हणावे. तसे म्हणण्यासाठी रोजा ठेवण्याइतकीच हिंमत लागते.

चंद्राच्या गणितानुसार रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. लवकरच दहावीच्या परीक्षेपासून तो दूर जाईल आणि पेपरच्या दिवशी मुले सकाळी पोटभर खाऊन, पाण्याची बाटली घेऊन येतील. पर्यवेक्षक दाराकडे वळलेला असेल, शेजारच्या बाकावरची उत्तरपत्रिका उघडी असेल. तेव्हा रोजात तोंडातले पाणी न गिळणारा मुलगा आपली नजर आपल्या कागदावर ठेवील का, यावर आपल्या तर्बियतीची पारख होणार आहे. वर्षभर आपण त्याला दिलेला शब्द पाळला की नाही, हेही त्याच वेळी कळेल.