लिफ्टशेजारचा लाल सिलिंडर

मुंबईजवळच्या शांतीनगरमधल्या आमच्या सेक्टरात संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर चार-पाच जण जमतात. पाण्याची वेळ, मेंटेनन्स, कोणाच्या गाडीने कोणाची वाट अडवली, हे नेहमीचे विषय. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एकाच्या फोनवर एक व्हिडिओ आला आणि हातोहात फिरला. २५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये इस्रायलच्या वकिलातीसमोर ॲरन बुशनेल या अमेरिकी हवाई दलातल्या पंचवीस वर्षांच्या जवानाने गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेतलं होतं. चित्र धूसर केलेलं होतं, तरी मी न बघताच फोन पुढे दिला. आवाज मात्र कानावर आलाच. कोणीतरी जिवाच्या आकांताने आग विझवायचा सिलिंडर मागत होतं. दुसरा एक जण त्या जळणाऱ्या माणसावर बंदूक रोखून उभा होता, हे नंतर वाचलं.

"डोकं फिरलेलं असणार," सेक्रेटरी म्हणाले.

"सरकारी नोकरी होती हो!" दुसरे हळहळले.

तिसरे जरा थांबून म्हणाले, "पण छाती लागते." आणि मग टँकरचा विषय निघाला.

वेडा की शूर, एवढ्यावरच निकाल लागला. गाझा हा शब्द त्या पाच मिनिटांत कोणाच्या तोंडून आला नाही. माझ्याही नाही. त्याला आमच्याकडे एक कारण होतं. महिन्यापूर्वीच, २१ जानेवारीच्या रात्री, शेजारच्या नयानगरात धार्मिक तणावातून दगडफेक झाली होती, दोन दिवसांत बुलडोझरही येऊन गेला होता. बाकावर कोण कोण बसलंय ते पाहून बोलायची सवय आम्हाला लागली होती. मेलेल्या परक्या माणसाबद्दल बोलणं सोपं. तो कशासाठी मेला हे काढलं की लगेच बाजू विचारली जाते.

१९६५ मध्येही असंच झालं. २ नोव्हेंबरला नॉर्मन मॉरिसन नावाच्या क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातल्या एकतीस वर्षांच्या गृहस्थाने व्हिएतनाम युद्धाविरोधात पेंटागॉनसमोर, संरक्षणमंत्री मॅक्नामारांच्या खिडकीखाली, स्वतःला संपवलं. सोबत वर्षाच्या आतली मुलगी होती. ती सुखरूप राहिली. उत्तर व्हिएतनामने त्याचं टपाल तिकीट काढलं. अमेरिकेत लोक विचारत राहिले, बाळाला कशाला नेलं? मला विचाराल तर, त्या तिकिटापेक्षा हा प्रश्न खरा. युद्ध पुढे दहा वर्षं चाललं. मॅक्नामारांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की, त्या मृत्यूबद्दल घरच्यांशीसुद्धा बोलायचं त्यांनी टाळलं होतं. म्हणजे आमच्या बाकासारखंच, फक्त खुर्ची फार मोठी.

मला ही कृत्यं मान्य नाहीत. घरचं माणूस असं गेलं तर मागे राहिलेल्यांना तिकीट आणि रस्त्याला दिलेलं नाव घेऊन काय करायचं? (बुशनेलच्या नावाचा रस्ता जेरिकोत झालाही.) पण "निषेध करायचा तर सरळ मार्गाने करा" असं कोणी म्हटलं की मी अडखळतो. सरळ मार्गाचं आम्ही काय करतो?

विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारात युद्धविरोधी भाषण केलं. गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहातले ते पहिले सत्याग्रही. हातात शस्त्र नाही, घोषणांचा गदारोळ नाही, एकटा माणूस गावोगाव बोलत फिरला. २१ तारखेला अटक, तीन महिन्यांची शिक्षा. ते कोण हेच देशात अनेकांना ठाऊक नव्हतं. गांधीजींना 'हरिजन'मध्ये त्यांची ओळख करून द्यावी लागली. त्याच काळात सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात भरती व्हायला सांगत होते. दोघांचंही ऐकणाऱ्यांत मराठी माणसं होती.

आणि जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानात सभा घेऊ द्या म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा याचिका फेटाळताना खंडपीठाने देशातला कचरा, सांडपाणी, तुंबणारं पाणी यांवर बोलायचा सल्ला दिला. बाकावर तो एकमताने पसंत पडला. "बरोबर आहे, आपलं गटार बघा आधी." ऑगस्टमध्ये त्या सभेला परवानगी मिळाली, तेव्हा बाकावर कोणाचं लक्षही नव्हतं. गटाराबद्दल मात्र त्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकानेही महापालिकेला पत्र लिहिलं नाही. मी मसुदा केला होता. तो अजून खणात आहे.

व्हिडिओ फिरला त्या रात्री जिन्याने वर जाताना लिफ्टशेजारच्या लाल सिलिंडरकडे लक्ष गेलं. एरवी त्यावर कोणीतरी छत्री अडकवलेली असते. चिकटवलेल्या कागदावर रिफिलची तारीख होती, मुदत उलटून दोन वर्षं झाली होती. खिळ्यावरून काढून पाहिला, तर नळीच्या तोंडात कोळ्याचं जाळं. पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "घेऊ पुढच्या वेळी. आपल्याकडे कुठे आग लागतेय?"